अकरा सुया

शालिकराम कंपाउंडरला तीनच चित्रं काढता येत. बाटली, पट्टी आणि सुई. बैल काढ म्हटलं असतं तर त्याचं डुक्कर झालं असतं. पण ही तीन तो अशा सफाईनं काढायचा की अकोल्यात मोर्णा नदीच्या पल्याड शंकरदासाच्या कापसाच्या जिनात राबणाऱ्या दोन-अडीचशे बायामाणसांना ती छापील अक्षरांपेक्षा जास्त कळत.

कारभार असा होता. जिनाच्या शेठनं आपल्या मजुरांच्या औषधपाण्यासाठी चिंतामण डॉक्टर बांधून घेतले होते. प्रत्येक मजुराला एक जाड गुलाबी कार्ड. मजूर दवाखान्यात आला की त्या दिवसाची तारीख आणि पुढं एक आकडा. मिक्श्चर दिलं तर एक, मलमपट्टी केली तर दोन, सुई टोचली तर तीन. महिना संपला की कार्डं गोळा व्हायची, जिनाचा मुनीम आकडे उतरवून घ्यायचा, कार्डं परत मजुरांकडं यायची आणि शेठकडून डॉक्टरांचं बिल निघायचं. एकाला थोडे पैसे, दोनाला त्याहून जास्त, तिनाला सगळ्यात जास्त.

आता बायांना आकडे कुठचे वाचता यायला. जिनात दोन शकुन होत्या. एक सुभद्राची पोर, अठरा-एकोणीस वर्षांची, आणि दुसरी दोन लेकरांची रांडाव बाई, जिला सारे शकुनबाई म्हणत. दोघींची कार्डं एकदा बदलली, आणि पोरीच्या खोकल्याचं औषध शकुनबाई चार दिवस प्याली. तिला काही झालं नाही, उलट चव आवडली म्हणाली. पण शालिकराम घाबरला. त्या दिवसापासून तो आकड्याशेजारी चित्र काढायला लागला. बाईला आपलं कार्ड ओळखू यायचं. पाच बाटल्या आन् एक पट्टी, ते माहं. मुनीमजीनं ती चित्रं पाहिली आणि खूश झाला. म्हणाला, एकाचा चार करता येतो, बाटलीचं काही करता येत नाही. तेव्हापासून मुनीम आकडा पाहीच ना, चित्रंच मोजायचा.

शालिकराम मूळचा अकोटकडचा. गावंड्यांच्या घरचा तिसरा भाऊ. वावर तिघांत वाटलं असतं तर एकाच्या वाट्याला वखर वळवायला जागा राहिली नसती. मॅट्रिकला गणितात दोनदा आपटला, तेव्हा बाप म्हणाला, वावर नाई आन् हिशोबई नाई, मंग तू करशीन काय? चिंतामण डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतला. आधी बाटल्या धुवायला, मग खल घोटायला, मग पुड्या बांधायला. चार वर्षांनी डॉक्टरांनी स्वतःच्या खिशातून फी भरून त्याला नागपूरला कंपाउंडरच्या परीक्षेला पाठवलं, आणि तो पास झाला. त्याच साली त्याची माय गोदाबाई टायफॉईडनं एकवीस दिवस पडली होती. डॉक्टर रोज येत. खेड्यातून आणलेल्या त्या बाईला त्यांनी आपल्या दवाखान्यामागच्या खोलीत ठेवलं, एक पैसा घेतला नाही. गोदाबाई उठली आणि पुढं पुष्कळ जगली. हे शालिकराम विसरला नव्हता, आणि डॉक्टरही विसरले नव्हते.

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या हंगामात एका संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं.

"शालिकराम, शेठनं मागच्या महिन्याचं बिल पुन्हा कापलं. पाऊणच दिलं."

"हो साहेब."

"तो दर वेळेस कापतो. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. मग आपण थोडं वाढवून दिलं आणि त्यानं कापलं, तर बिल बरोबर जागेवर येतं. यात खोटं काय झालं?"

शालिकरामचं गणित आधीच कच्चं. पण यात कुठंतरी हातचा चुकतोय एवढं त्याला कळलं.

"साहेब, पन सुई टोचलीच नाई, तं..."

"अरे, तुझ्या मिक्श्चरमध्ये किती जिन्नस पडतात ते तूच जाणतोस. त्याची किंमत सुईपेक्षा कमी आहे का? दर तिसऱ्या-चौथ्या कार्डावर एखादी सुई काढ. आणि घाबरू नको. कागद आहे तो. कागदानं कोणाचं दुखत नाही."

डॉक्टर काही लुच्चे नव्हते, हे सांगितलं पाहिजे. शेठ खरंच कापायचा. डॉक्टरांना एक्स-रेचं मशीन घ्यायचं होतं. अकोल्यात तेव्हा गरिबाला छातीचा फोटो काढायचा म्हणजे दहा ठिकाणी हात जोडावे लागत. माणूस चांगल्या कामासाठी वाकडी वाट धरतो तेव्हा ती त्याला वाकडी दिसतच नाही. शालिकरामला मात्र ती दिसत होती. दिसत होती आणि तो चालत होता, एवढंच. डॉक्टर दर महिन्याच्या पंचवीस तारखेला किती कमी पडतं ते सांगायचे, आणि महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत जी बाई मिक्श्चरला येईल तिच्या कार्डावर बाटलीऐवजी सुई उमटायची.

पहिली खोटी सुई कोणाच्या कार्डावर काढली, ते त्याला पुढं आठवेना. फार प्रयत्न केला तरी आठवेना. याचीच त्याला पुढं जास्त टोचणी लागली.

बायांनी सुया पाहिल्या होत्या. पण कंपाउंडरनं काढली म्हणजे काही तरी असेल. उलट एकदोघी दुसरीला मिरवून दाखवत की पाह्य, मले मोठं औषद देल्लं, तुले नुसती बाटली.

दोन हंगाम गेले. एकोणसाठच्या माघात, भर दुपारी, सुभद्रा दवाखान्यात आली. औषधाची बाटली हातात नव्हती. डोक्यावर, भुवयांवर रुईचं पांढरं तसंच होतं, म्हणजे जिनातून मधूनच उठून आली होती. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. तिनं टेबलावर कार्ड आपटलं.

"शालिकभाऊ, हे काय हाये?"

"कार्ड हाये, सुभद्राबाई. शकुनचं."

"कार्ड मलेई दिसते. हे काय हाये?" तिचं बोट सुईवर होतं.

"सुई."

"आन् हे?"

"सुई."

"आन् हे, आन् हे, आन् हे? अकरा हायेत. माह्या पोट्टीले मच्छर चावला तं ती वाडा डोक्यावर घेते. अकरा सुया टोचल्या असत्या तं साऱ्या जिनाले आयकू गेलं असतं. कवा टोचल्या तुमी?"

शालिकरामच्या हातात मोजमापाचा काचेचा ग्लास होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला.

"झालं काय पन?"

"सोयरीक मोडली! हे झालं."

मग तिनं सांगितलं ते असं. अकोटच्या पुढं दोन कोसांवरच्या खेड्यातले रामराव, त्यांचा पोरगा उत्तम. सातवी शिकलेला, घरी वावर, पोरगा नाकासमोर चालणारा. त्यानं शकुन पाहिली, पसंत केली. साक्षगंधाची तारीख ठरली. त्याआधी पोराची आत्या चतुराबाई घर पाहायला म्हणून आली. सुभद्राच्या खोलीत एकच पक्का कागद होता ज्यावर पोरीचं नाव छापल्यासारखं लिहिलेलं होतं, ते हे गुलाबी कार्ड. म्हणून पुंजारामनं, म्हणजे सुभद्राच्या नवऱ्यानं, ते देवाच्या फोटोखाली खिळ्याला टांगलं होतं. चतुराबाईला वाचता येत नव्हतं. पण सुई तिला ओळखू आली.

"तिचा भाऊ टीबीनं मेला, शालिकभाऊ. त्याले बी सुयाच टोचत होते. तिनं एक डाव मोजल्या, मंग दुसऱ्या डाव मोजल्या. चहा तसाच ठेवला आन् उठली. म्हने, पोट्टी खोकलते तं खरं."

जिनातली प्रत्येक बाई खोकलते. रुईची भुकटी नाकातोंडात जाते, होळीपर्यंत खोकला, जिन बंद झालं की खोकला बंद. हे अकोल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण खोकला आणि वर अकरा सुया म्हटल्यावर अकोटकडच्या बाईनं काय समजायचं?

"सांगा ना बाप्पा, टोचल्या का नाई टोचल्या?"

"नाई टोचल्या," शालिकराम म्हणाला.

"मंग काढल्या कावून?"

शालिकराम ग्लास पुसायला लागला. सुभद्रानं ते पाहिलं. मग कार्ड उचललं, पदरानं तोंडावरची रुई पुसली आणि निघून गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी त्यानं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथंच कागद ओढला आणि इंग्रजीत दाखला लिहिला की ही मुलगी मी तपासली आहे, छाती स्वच्छ आहे, कसलाही रोग नाही. आणि खरंच दुसऱ्या दिवशी शकुनला बोलावून नळी लावून नीट तपासली, मगच शिक्का मारला. पुंजाराम तो दाखला घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला. रामरावांनी अकोटच्या मास्तरकडून वाचून घेतला होता आणि म्हणाले होते, सुया काढनारा दवाखाना तोच, आन् रोग नाई म्हननाराई तोच. दोन्हीतलं कोनतं खरं धरू?

"मग असं कर," डॉक्टर शालिकरामला म्हणाले. त्यांनी हे आदल्या रात्रीच ठरवलेलं दिसत होतं. "नवीन कार्ड बनव. नुसत्या बाटल्या काढ. आणि निरोप पाठव की दुसऱ्या शकुनचं कार्ड चुकून यांच्याकडं गेलं होतं. आहे ना जिनात दुसरी शकुन? पूर्वी एकदा बदललीच होती कार्डं. कोणालाही पटेल."

पटण्यासारखंच होतं. शालिकरामनं नवं कार्ड घेतलं, जुन्या तारखा उतरवल्या आणि बाटल्या काढल्या. शाई वाळल्यावर ते खिशात घालून तो जिनामागच्या चाळीत सुभद्राच्या खोलीवर गेला. शकुन चुलीपुढं भाकरी थापत होती. पुंजाराम दारात बसला होता. शालिकरामनं कार्ड दाखवलं आणि काय सांगायचं ते सांगितलं. पुंजारामचा चेहरा खुलला. सुभद्रानं सुस्कारा सोडला.

शकुननं तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोऱ्यानंच विचारलं, "दुसरी शकुन म्हंजे आमची शकुनबाई ना? जिनात माह्या बाजूले बसते ते?"

"हो."

"म्हंजे सुया तिच्या झाल्या."

शकुननं दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

"उद्या जिनात बोंब होईन का शकुनबाईले टीबी हाये. माठातलं पानी कोन पेऊ देईन तिले? मुकादम तिले कामावर ठेवन का? तिची लेकरं काय खातीन?"

"पोट्टे, तू चूप बस," पुंजाराम म्हणाला. "तुह्या भल्याचं चालू हाये."

"मी चूपच हावो. पन ते नवं कार्ड मी खिऱ्याले टांगू देनार नाई." आता ती वळली. पिठाचा हात गुडघ्यावर होता. "शालिकभाऊ, तुमी सुया काढल्या ना? मंग तुमीच जाऊन सांगा ना का खोट्या हायेत म्हून. एवढं काय कठीन हाये त्याच्यात?"

शालिकरामला हसू येण्यासारखी स्थिती नव्हती, तरी त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. जेवढं तिला सोपं वाटत होतं तेवढं ते सोपंच होतं. कठीण होतं ते फक्त त्याच्या बाजूनं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला, कौशल्याला, सारं सांगितलं. कौशल्या लसूण सोलत होती. ती म्हणाली, "नोकरी जाईन."

"जाऊ शकते."

"बुढीले एकवीस दिवस पाह्यलं डॉक्टरनं."

"हो."

"मंग नोका जाऊ." आणि थोड्या वेळानं, दुसरी पाकळी सोलता सोलता, "आपल्या पोट्टीच्या कार्डावर कोनं काढल्या असत्या तं म्या त्याचं घर गाठलं असतं."

यातून काय करावं हे काही निघालं नाही. पण शालिकराम विचार करत बसला, आणि त्याला एक गोष्ट सुचली. नुसतं मी खोटं बोललो म्हणून सांगितलं तर कोणी विश्वास कसा ठेवील? जो तेव्हा खोटं लिहितो तो आज खरं बोलतो कशावरून? रामरावांनी तेच विचारलं असतं. तेव्हा तोंडाचं काम नव्हतं. दाखवता येईल असं काही पाहिजे होतं. आणि ते जिनामागच्या चाळीत, खोली-खोलीत खिळ्यांना टांगलेलं होतं.

शनिवारी संध्याकाळी तो चाळीत फिरला. ज्या-ज्या बाईला त्यानं सुई काढली होती, तिच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कार्ड दे, उद्या एक दिवस. परत आनून देतो."

"कायले?"

"तुह्या कार्डावरची सुई खोटी हाये. ते दाखवाले पाह्यजे."

"खोटी? मी तं साऱ्याईले सांगतलं का मले मोठं औषद देल्लं म्हून!" एक म्हातारी म्हणाली. "चांगलं बयताड बनवलं बाप्पा तुमी आमाले."

दुसरीनं कार्ड देता देता विचारलं, "मंग ह्या पट्ट्या? त्या तं खऱ्या हायेत ना? का बोटई माहं खोटंच कापलं व्हतं?"

असं वीस दारांवर. वीस वेळा त्यानं तेच वाक्य म्हटलं. पहिल्या दारावर जीभ जड झाली होती, विसाव्या दारापर्यंत सुटी झाली. शकुनबाईच्या दारात मात्र ते त्यानं खाली पाहूनच म्हटलं.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं तो आणि पुंजाराम अकोटला उतरले. तिथून पायी. तुरी सोंगायला आलेल्या होत्या, कपाशीचा शेवटचा वेचा चालू होता. पुंजाराम वाटेत एकच बोलला, "शालिकभाऊ, बिघडलं तं आनखी काय बिघडन?" शालिकराम म्हणाला, "तुमचं काई नाई बिघडत."

रामरावांच्या ओसरीवर सतरंजी होती. रामराव, गावचे दोन म्हातारे, आणि कोपऱ्यात उत्तम, ज्याच्या लग्नाची गोष्ट होती आणि ज्याला कोणी काही विचारत नव्हतं. आतल्या दाराच्या चौकटीला टेकून चतुराबाई उभी होती. पाणी आलं. पाणी पिऊन झाल्यावर शालिकरामनं शकुनचं कार्ड सतरंजीवर ठेवलं.

"या सुया म्या काढल्या. याच्यातली एकई टोचली नाई."

"मंग काढल्या कावून?" रामराव म्हणाले.

"बिल वाढवाले. बाटलीपेक्षा सुईचे पैशे जास्त भेटते."

"आन् आज तुमी खरं बोलून राह्यले हे आमी कावून मानावं? पुंजारामनं तुमाले आनलं. त्याची पोट्टी हाये."

"नोका मानू," शालिकराम म्हणाला. त्यानं पिशवी उघडली आणि वीस कार्डं पत्त्यांसारखी सतरंजीवर मांडली. "उत्तमराव, तुमाले वाचता येते ना? सुई दिसन तथची तारीख वाचा. फक्त सुईची."

उत्तम पुढं सरकला. त्यानं आधी बापाकडं पाहिलं, मग शकुनचं कार्ड उचललं.

"सत्तावीस. अठ्ठावीस. सव्वीस. एकोनतीस. सत्तावीस..." अकरा झाले. मग दुसरं कार्ड. "सत्तावीस. अठ्ठावीस." तिसरं. "सव्वीस. एकोनतीस." त्याचा आवाज हळूहळू मोठा होत गेला. "बाबा, साऱ्याईवर मयन्याच्या आखरीलेच सुया हायेत. दहा तारखेले एकई नाई. पंधराले एकई नाई."

"वीस बाया हायेत," शालिकराम म्हणाला. "वीसाईले मयन्याच्या शेवटच्या आठवड्यातच टीबी होते, आन् एक तारखेले बरा होते. असा कोनता टीबी हाये?"

चतुराबाई चौकटीतून बाहेर आली. सतरंजीच्या काठाशी उकिडवी बसली.

"माह्या भावाले दिवसाआड टोचत होते," ती म्हणाली, कोणालाच उद्देशून नाही. "बंडीवर टाकून अकोटले नेत होतो. पावसापान्यात. एक दिवस चुकला तं डॉक्टर वरडे." ती कार्डं पाहत होती. अक्षर कळत नव्हतं, पण सुया कुठं कुठं आहेत ते दिसत होतं. प्रत्येक महिन्याच्या ओळीच्या टोकाला, तोरणाच्या शेवटच्या पानासारख्या. "मयन्यातून एक सुई. असं कोनाले टोचत नाई."

रामरावांनी पानाचा डबा पुढं ओढला, पण उघडला नाही.

"कोनाच्या सांगन्यावरून काढल्या?"

"हात माहा व्हता."

"म्या हाताचं नाई इचारलं. तोंड कोनाचं व्हतं ते इचारलं."

शालिकरामच्या डोळ्यांपुढं दवाखान्यामागची खोली आली. गोदाबाईची खाट, आणि तिच्या कपाळावर हात ठेवून उभे असलेले डॉक्टर. ओसरीवर सारे त्याच्याकडं पाहत होते. हे झाकलं तर यांच्या मनात पुन्हा उरणार की काही तरी झाकतो आहे, आणि ते उरलेलं पोरीच्या नावावर जाणार.

"डॉक्टरसाहेबाचं," तो म्हणाला. "पन ना म्हनता येत व्हतं मले. म्या म्हटलं नाई."

एक म्हातारा खाकरला. चतुराबाईनं शकुनचं कार्ड उचललं आणि पुंजारामच्या हातात दिलं.

"पोट्टी चांगली हाये," ती म्हणाली. "कंपाउंडर बेकार हाये. पन कंपाउंडरशी कोन लगन करून राह्यलं?"

म्हातारे हसले. उत्तमनं मान खाली घातली. रामरावांनी पानाचा डबा उघडला.

सोमवारी सकाळी, दवाखाना उघडण्याआधी, शालिकराम डॉक्टरांसमोर उभा राहिला. ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तोंडून डॉक्टरांच्या कानावर जाऊ नये, एवढंच त्यानं वाटेत ठरवलं होतं. त्यानं सारं सांगितलं. वीस कार्डांचं, ओसरीचं, तारखांचं.

डॉक्टर चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"माझं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"गोदाबाई आजारी होत्या तेव्हा..."

"हो साहेब. म्हून तं मी सोता सांगाले आलो. नाई तं कायले आलो असतो?"

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. बाहेर बाया बाटल्या घेऊन बसायला लागल्या होत्या.

"एक्स-रेसाठी करत होतो रे मी. याच लोकांसाठी."

"मले मालूम हाये."

"या महिन्याचं काय करणार आहेस?"

"बाटली देल्ली का बाटली काढीन, साहेब. सुई टोचली का सुई."

"आणि मी म्हटलं, नाही, तर?"

"तं तुमीच काढा."

हे तो उर्मटपणे बोलला नव्हता. पण डॉक्टरांना ते उर्मट वाटलं, आणि महिनाअखेरीला त्यांनी खरंच स्वतः बसून सुया काढल्या. ज्या पाच-सहा कार्डांवर काढल्या ती घेऊन मुनीमजी दुसऱ्याच दिवशी हजर. "डॉक्टरसाब, ये सुई है के मूली?" त्याचं म्हणणं, जिनाला शालिकरामच्या हाताची सुई माहीत आहे, ही चालणार नाही. शिवाय चाळीतल्या बायांनी त्या महिन्यापासून एक नवीच तऱ्हा धरली होती. दवाखान्यातून निघताना कार्ड दोन्ही हातांनी धरून डोळ्यांपुढं न्यायच्या आणि काय काढलं ते पाहून मगच पायरी उतरायच्या. एकीनं तर डॉक्टरांनाच विचारलं, "हे सुई माही हाये का तुमची?"

डॉक्टरांनी ते काम सोडलं. कापलेल्या बिलावरून शेठशी तोंडातोंडी केली, जे आधीच करायला पाहिजे होतं. शेठनं पुढच्या हंगामाला दुसरा डॉक्टर बांधला. एक्स-रेचं मशीन यायला आणखी सहा वर्षं गेली.

शालिकरामला त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर अकोल्यात त्याचा अर्थ लोकांनी काढला असता, म्हणून असेल. किंवा खरंच काढावंसं वाटलं नसेल. हे शालिकरामला शेवटपर्यंत कळलं नाही, त्यानं विचारलंही नाही. एक मात्र बदललं. दर दिवाळीला डॉक्टर त्याला आत माजघरात बोलावून पाटावर बसवून फराळ देत. त्या वर्षापासून फराळ पुडीत बांधून टेबलावर यायला लागला. चकल्या तेवढ्याच असत, चवही तीच. गोदाबाई विचारायची, आता आतमंदी नाई बलावत का रे? तो म्हणायचा, गर्दी असते, माय.

शकुनचं लग्न वैशाखात झालं. शालिकराम पंगतीला बसला, तेव्हा वरण वाढायला चतुराबाई आली आणि त्याच्या पानावर दोनदा वाढून गेली.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या वर्षी, थंडीत, चतुराबाई आणि शकुन एक तान्हं पोरगं घेऊन अकोटहून दवाखान्यात आल्या. पोराच्या छातीत घरघर होत होती, अंग तव्यासारखं. डॉक्टरांनी पेनिसिलिन सांगितलं. शालिकरामनं सुई उकळली, गार केली, पोराच्या कुल्ल्यात टोचली. पोरगं असं किंचाळलं की बाहेरची बाकं हलली. शकुन म्हणाली, "माह्यावरच गेलं."

जिनाची कार्डं तोवर कधीच बंद झाली होती. पण शालिकरामची सवय गेली नव्हती. साध्या कागदावरही औषधाशेजारी चित्र काढायचाच. त्यानं कागद ओढला, टाक बुडवला.

"थांबा," चतुराबाई म्हणाली.

तिनं पोराला पालथं घेतलं, लंगोट बाजूला केला आणि वाकून पाहिलं. लाल ठिपका होता, त्यावर रक्ताचा एक थेंब. तिनं तो बोटानं पुसला. पुन्हा येतो का ते पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "आता काढा."